मॅटवरच्या आट्यापाट्या

आमच्या मंडळाच्या कार्यकारिणीत माझा धाकटा दीर सचिव आहे. गेल्या वर्षभरात मी त्याच्याशी जेवढं वाकडं बोलले, तेवढं लग्नानंतरच्या बावीस वर्षांत बोलले नव्हते. भांडण घरातलं नाही. वरच्या खोलीचं नाही, पाण्याच्या टाकीचं नाही, सासूबाईंना धंतोलीच्या दवाखान्यात कुणी न्यायचं याचंही नाही. ते आट्यापाट्यांचं आहे. त्याने आमच्या खेळाला कबड्डीचे नियम लावले, आणि माझी मुलगी ज्या जागेवर उभी राहून खेळायची ती जागाच त्या नियमांनी मोडली.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी आधी तो सांगते. न पाहिलेलेच जास्त आहेत, हे मला मान्य आहे. मैदानावर नऊ आडव्या पाट्या असतात. पाटी म्हणजे साधारण फूटभर रुंदीचा पट्टा. प्रत्येक पाटीवर बचाव करणाऱ्या संघाचा एक खेळाडू उभा राहतो आणि त्याने पाटी सोडायची नसते. समोरच्या संघाने एकामागून एक पाट्या ओलांडत जायचं. ओलांडताना हात लागला की बाद, आणि न लागता ओलांडली की पाटीमागे एक गुण. या नऊ पाट्यांना मधोमध छेदणारी एक लांब उभी पाटी असते. तिच्यावरून धावायचा हक्क एकाच खेळाडूला असतो. त्याला सूर म्हणतात. पहिली आडवी पाटी त्याची, आणि उभी पाटीही त्याचीच. बाकीचे आठ जण आपापल्या पाटीवर समोरून येणाऱ्याला अडवतात. सूर मात्र बाजूने येतो, मागून येतो, आणि दोन पाट्यांच्या मधल्या चौकात एखादीला कोंडून ठेवतो. कोंडलेलीने हूल देऊन निसटायचं. सगळा खेळ या हुलेचा आहे. ताकदीचं काम त्यात फार थोडं.

माझी मुलगी आमच्या मुलींच्या संघाची सूर होती. तीन वर्षं शेवटच्या पाटीवर उभी राहिल्यानंतर तिला ती जागा मिळाली. घरातसुद्धा ती फरशीच्या सांध्यावरूनच चालायची, हातात ताट असलं तरी. मी ओरडायचे, समोर पाहून चाल. ती म्हणायची, समोरच पाहून राहिली ना. आणि खरंच ती समोर पाहत असायची. सांधा तिला पायानेच कळायचा.

हे पायाने कळणं आमच्या मंडळात मुद्दाम शिकवलं जातं. बऱ्याच ठिकाणी पाट्या नुसत्या चुन्याने आखतात. आमच्याकडे हंगामाच्या आधी मैदानाला पाणी मारतात, माती बसली की दोरी ताणतात आणि पाटी दोन बोटं खोल खरवडून काढतात. कडा हाताने थोपटून घट्ट करतात आणि मगच कडेने चुना टाकतात. हे काम खेळाडूंनीच करायचं. मीही मुलगी असताना केलं आहे. मी सहाव्या पाटीवर खेळायचे, सूर होण्याइतकी चपळ कधीच नव्हते. खोल पाटीचा उपयोग असा, की पायाच्या करंगळीला कड लागते. तुम्ही पाटीत आहात की बाहेर, हे पाहायला मान खाली घालावी लागत नाही. समोरची पोरगी कमरेतून कुठे वळते आहे यावरच डोळे ठेवता येतात.

मी हिंगण्याला एका कारखान्यात तपासणी विभागात काम करते. दिवसभर सुटे भाग गेजमध्ये घालून पाहायचे, बसला तर पुढे, नाही बसला तर परत. मंडळात मी गुण लिहायला बसते. त्यामुळे मोजमापाच्या बाबतीत मी कटकटी आहे अशी माझी ख्याती आहे, आणि ती चुकीची नाही.

तर गेल्या हिवाळ्यात एका रविवारी सकाळी शाळेच्या वर्गात मंडळाची बैठक झाली. आम्ही सगळे लहान पोरांच्या बाकांवर गुडघे अडकवून बसलो होतो. दीर फळ्यासमोर उभा होता. त्याने आधी मोबाइलवर टीव्हीवरच्या कबड्डीचा एक तुकडा सगळ्यांना दाखवला, मोबाइल हातोहात फिरला, आणि मग तो बोलला. त्याचं म्हणणं असं होतं की कबड्डी आपल्याच मातीतली, आपल्यासारखीच गरीब. पण तिने मॅट घेतली, तीस सेकंदांचं घड्याळ घेतलं, भोंगा घेतला, आणि आज तिचे खेळाडू विमानाने फिरतात. आपल्याकडे पोरी नाव नोंदवायला येत नाहीत. आल्या त्याही दोन वर्षांत कबड्डीत जातात. तेव्हा यंदाच्या स्पर्धेपासून आपणही मॅटवर खेळू. सूर उभ्या पाटीवर आला की तीस सेकंद, त्यात कुणी बाद झालं नाही तर भोंगा वाजेल आणि सुराने पहिल्या पाटीवर परत जायचं. करो या मरोचा, म्हणजे गुण नाही मिळाला तर बाद, हा नियम पुढच्या वर्षी आणू.

दुखणं त्याने बरोबर सांगितलं, हे मी तेव्हाही कबूल केलं. पोरी येत नाहीत हे खरं आहे. मीही काही सोवळी नाही. पाठीवर आकडे असलेले बनियन आम्ही दुसऱ्या खेळांकडूनच घेतले, गुण दाखवणारा फलक घेतला, शिट्टी घेतली. त्याने खेळाचं काही बिघडलं नाही. पण औषध कुणाच्या दुखण्यावरचं आहे ते पाहायला नको का? कबड्डीत पूर्वी चढाई करणाऱ्याचा दम हेच घड्याळ होतं. दम संपला की परत फिरायचं. टीव्हीवर तो दम कुणाला ऐकू येईना, म्हणून त्याच्या जागी सेकंद आले. म्हणजे तिथे एक माप काढून दुसरं माप बसवलं. आट्यापाट्यांमध्ये सुराचा दम कधी कुणी मोजलाच नव्हता. मग हे तीस सेकंद नेमके कशाच्या जागी बसणार?

मी हे असंच विचारलं. दीर फळ्याला टेकून हसला.

"वहिनी, कबड्डी कुठल्या कुठं गेली ते पाहा ना. आपण इथंच बाकावर बसून राहिलो."

"भाऊजी, मी कबड्डी कुठे गेली ते नाही विचारलं. तीस हा आकडा कुठून आणला ते विचारलं. वीस का नाही? पन्नास का नाही?"

"तीस म्हणजे तीस. तिकडे तीस आहे."

मागच्या बाकावरून आमचे एक जुने सभासद म्हणाले, "यायले भाकरीचाही घेर मोजाले लागते गा. तू कायले नादी लागतं?" सगळे हसले. मीही हसले असते, पण बाकाच्या त्या टोकाला मुलींचे शिक्षक बसले होते, ज्यांनी माझ्या मुलीला सूर केलं. ते हसत नव्हते. हात वर करायची वेळ आली तेव्हा विरोधात आम्ही दोघंच निघालो.

बाहेर पडताना शिक्षक मला एवढंच म्हणाले की बाई, तिला मॅटवर चार दिवस आधी चालवून पाहा.

त्या रविवारी दीर नेहमीप्रमाणे जेवायला खाली आला. जाऊबाई माहेरी गेल्या की तो आमच्याकडेच जेवतो. मी त्याला वाढलं, झुणका दोनदा वाढला, पण बोलले नाही. नवऱ्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा भावाकडे, आणि म्हणाला, "खेळ आहे वं तो. एवढं काय डोक्यात घेतलं?" मी म्हटलं, ज्याचा तो खेळ नाही त्याने नाही घेतलं तर चालतं. त्यावर दीर भाताकडे पाहत म्हणाला, "दादा, मीठ जरा कमी हाये आज. रागात राहून गेलं वाटते." मुलगी मान खाली घालून जेवत होती. तिने काकाची बाजू घेतली नाही आणि माझीही नाही. तिला जिंकायचं होतं. रामटेकच्या संघाकडून आमच्या पोरी आदल्या वर्षी हरल्या होत्या आणि आता ती कर्णधार होती.

स्पर्धेच्या आधी चार दिवस मॅट आली. जवळच्या एका कबड्डी संघाने दोन मैदानांची मॅट दिली होती, एकमेकींत अडकणाऱ्या चौकोनी तुकड्यांची. दिराने ती आमच्या मैदानावर लांबीला लांबी जोडून अंथरली आणि वर पांढऱ्या चिकटपट्टीने पाट्या आखल्या. कारखान्यातून येताना मी मैदानावर गेले. पर्समध्ये टेप असतेच.

कबड्डीचं मैदान लांबीला तेरा मीटर. दोन मिळून सव्वीस. आमची उभी पाटी सत्तावीस मीटरच्या थोडी वर. म्हणजे जवळजवळ पावणेचार फूट कमी पडत होते. अंथरताना हे त्याच्या लक्षात आलं असणार, कारण ते पावणेचार फूट त्याने सगळ्या आठ अंतरांत सारखे वाटून टाकले होते. एका पाटीच्या कडेपासून पुढच्या पाटीच्या त्याच कडेपर्यंत अकरा फूट असतात, ते दर ठिकाणी साडेपाच इंचांनी कमी झाले होते. दोन्ही टोकांना मॅट संपत होती, त्यामुळे पोरी धुळीतून धावत येऊन मॅटवर चढणार होत्या, धूळ घेऊन.

मी त्याला फोन केला नाही, घरी जाऊन तोंडावर सांगितलं. तो जिन्यात मोटारसायकल पुसत होता.

"साडेपाच इंचानं काय होते वहिनी? तुमच्या कारखान्यातला नटबोल्ट नाही ना तो."

मी म्हटलं, दोन पावलं आणि एक हूल बसेल एवढीच ती जागा आहे. त्यातले साडेपाच इंच म्हणजे हुलेतलेच जातात. त्याने फडकं झटकलं आणि म्हणाला की दोन्ही संघांना सारखंच आहे, कुणावर अन्याय नाही. हे वाक्य मी त्यानंतर अनेकदा ऐकलं. सगळ्यांचं सारखं बिघडलं म्हणजे बिघडलंच नाही, असा त्याचा हिशेब.

दुसऱ्या दिवशी मुलगी मॅटवर सराव करून आली आणि चप्पल न काढता ओट्यापाशी उभी राहिली. मी विचारलं कसं झालं. ती आधी पाणी प्यायली.

"आई, पायाले काहीच समजत नाही. चिकटपट्टी आहे का नाही, दोन्ही सारखंच लागते. सारखं खाली पाहावं लागून राहिलं."

"मग?"

"मग काय. खाली पाहिलं की समोरची निघून जाते."

मी शिक्षकांना सांगितलं. ते म्हणाले, मान खाली गेली की सूर संपला. मग त्यांनी तिला पट्टीवर दोरी चिकटवून द्यायचा विचार केला, निदान पायाला उंचवटा लागेल. दिराने परवानगी नाकारली. मॅट दुसऱ्यांची आहे, दोरीत पाय अडकला तर जबाबदार कोण. यात तो चुकला असं मला म्हणता येत नाही. पण ज्या खेळाला कडेशिवाय चालत नाही त्या खेळाखाली गुळगुळीत वस्तू आणून अंथरायची आणि मग कड लावायला सुरक्षेचं कारण काढायचं, हे मला त्या वेळीही सहन झालं नाही आणि आजही होत नाही.

स्पर्धेच्या दिवशी गर्दी नेहमीपेक्षा जास्त होती, हेही सांगायला हवं. मॅट पाहायला लोक आले होते. दीर माइकवर होता. मी फलकाखाली गुण लिहायला बसले. रामटेकच्या पोरी बसमधून उतरल्या. त्यांच्याबरोबर त्यांना शिकवणाऱ्या एक बाई होत्या, धानाची शेती करणाऱ्या, नऊवारी नाही पण पदर कमरेला घट्ट खोचलेला. त्यांनी मॅटवर अनवाणी पाय ठेवला आणि पाय उचलून तळव्याकडे पाहिलं.

पहिल्या डावात आम्ही बचाव करत होतो. रामटेकची एक उंच पोरगी तिसरी पाटी ओलांडून चौथीच्या अलीकडे आली. माझी मुलगी उभ्या पाटीवरून धावत आली आणि तिने व चौथ्या पाटीवरच्या पोरीने मिळून तिला चौकात कोंडलं. इथून पुढे काय होतं ते मी शेकडो वेळा पाहिलेलं आहे. कोंडलेली डावीकडे झुकते, सूर झुकत नाही. ती उजवीकडे पाय टाकते, सूर अर्धं पाऊल देतो. ती खांदा पाडते. कुणीतरी आधी फसतं. श्वास धरून बसावं असं काहीतरी त्या चौकात चालतं.

त्या दिवशी उंच पोरीने काहीच केलं नाही. ती चौकाच्या मध्ये सरळ उभी राहिली आणि फलकावरच्या घड्याळाकडे पाहू लागली. तिला झुकायची गरजच नव्हती. माझ्या मुलीने हात टाकून पाहिला, पोहोचला नाही. पाटी सोडता येत नाही. आकडे उतरत गेले. लोक मोठ्याने उलटे आकडे मोजायला लागले, जसे टीव्हीवर मोजतात. भोंगा वाजला. माझी मुलगी वळून पहिल्या पाटीकडे धावत गेली, आणि ती परत येईपर्यंत उंच पोरगी मोकळ्या झालेल्या बाजूने चौथी पाटी ओलांडून पुढच्या चौकात गेली. गेली म्हणजे धावत नाही, चालत.

एकदा हे कळल्यावर सगळ्यांनी तेच केलं. आमची पाळी आली तेव्हा आमच्या पोरींनीही तेच केलं. खेळ वेगवान व्हावा म्हणून आणलेल्या नियमाने सगळे जण घड्याळाकडे पाहत उभे राहिले. हुला द्यायच्या त्या पोरी हात कमरेवर ठेवून भोंग्याची वाट पाहत होत्या. आणि दीर माइकवरून ओरडत होता की काय हा थरार.

मधल्या सुट्टीत रामटेकच्या बाई माझ्या टेबलाशी आल्या. त्यांचा संघ पुढे होता, तरी चेहरा उतरलेला होता.

"ताई, आमच्या पोरी धानाच्या रोवणीच्या चिखलात खेळल्या, पण अशा उभ्या नाही राहिल्या कधी. इथं त घड्याळच खेळून राहिलं."

मी त्यांना सचिवांकडे बोट दाखवलं. त्या गेल्या नाहीत. त्या म्हणाल्या, तुमचं मैदान, तुमचे नियम, आम्ही पाहुणे.

दुसऱ्या डावात माझ्या मुलीने वाट पाहायची नाही असं ठरवलं. ती उभ्या पाटीवर थांबेना, सारखी पुढे-मागे धावत राहिली, समोरचीला हलायला भाग पाडायचं म्हणून. ते योग्यच होतं. पण धावताना पाय पट्टीबाहेर पडायला लागला. पंचाने शिट्टी मारली आणि हात लागूनही बाद धरलं नाही. दुसऱ्यांदा तसंच झालं. तिसऱ्यांदा ती ऐन वेळी पायाकडे पाहायला थांबली आणि तिच्या पाठीमागून दोघी निघून गेल्या. लोक हसले. कोंडीतून सुटल्याबद्दल लोक हसतात तसं ते हसणं नव्हतं; सूर स्वतःच्या पायाकडे पाहत उभा आहे, याचं होतं. मी गुण लिहिले. लिहावेच लागतात. पंचाचे दोन्ही निर्णय बरोबर होते, हे मी टेबलावरून स्पष्ट पाहिलं होतं.

आम्ही हरलो. हरण्याचं मला फार नाही. मीही पुष्कळ हरले आहे. बक्षीस देताना दीर म्हणाला की प्रयोग यशस्वी झाला, गर्दी पाहा.

संध्याकाळी कबड्डी संघाचे प्रशिक्षक मॅट न्यायला आले. सामना त्यांनी शेवटपर्यंत पाहिला होता. मुली तुकडे सोडवून गाडीत भरत होत्या. त्यांनी माझ्या मुलीला बाजूला बोलावून विचारलं की तू अशी खाली बसून आडवी सरकतेस ते कुणी शिकवलं, आमच्याकडे कोपऱ्यात बचाव करायला हेच लागतं. मला हे तेव्हा माहीत नव्हतं. मी दूर फलक उतरवत होते. मला बुधवारी कळलं, स्वयंपाकघरात.

"आई, मी कबड्डीत जाऊन राहिली."

मी कणीक मळत होते. हरलो म्हणून का, असं मी विचारलं, आणि विचारताना माझा आवाज चढला होता.

"हरलो म्हणून नाही. कबड्डीचेच नियम पाळाचे असतील त मी कबड्डीच काहून नाही खेळू? तिथं तीस सेकंदाले काही मतलब तरी आहे."

हे तर मीच बैठकीत बोलले होते. माझाच मुद्दा माझ्या पोरीने पुढे नेला होता, आणि तो बरोबर ठिकाणी जाऊन पोहोचला होता. मी म्हटलं, तू सूर आहेस. ती म्हणाली, "होती," आणि डबा घेऊन कॉलेजला गेली.

दीर मात्र खूश होता. त्याने जिन्यात मला थांबवून सांगितलं की पाहा वहिनी, आपल्या मंडळातली पोरगी पुढे जाऊन राहिली, दोन वर्षांत टीव्हीवर दिसंल. मी त्याला विचारलं की पोरी कबड्डीत जातात म्हणून नियम बदलले ना तुम्ही? मग आता कोण गेली? तो म्हणाला की तुम्ही प्रत्येक गोष्ट उलटीच धरता. त्यानंतर दोन महिने तो आमच्याकडे जेवला नाही. जाऊबाई माहेरी गेल्या तेव्हा त्याने खानावळीतून डबा लावला. नवरा माझ्यावर चिडला. मी त्याला म्हटलं, झुणका ठेवलाय, हवा तर वर नेऊन दे. त्याने नेला नाही. दोघंही भाऊ सारखेच.

या वर्षभरात मला खूप जणांनी ऐकवलं की खेळ जगवायचा तर बदलावं लागतं. ऐकवणाऱ्यांपैकी एकानेही पाटीवर पाय ठेवलेला नाही. माझा बदलाला विरोध नाही, पण मी एक साधी गोष्ट पाहते. गरीब खेळच श्रीमंत खेळाकडून घेतो. उलटं कधी होत नाही. कबड्डीवाल्यांनी कधी बैठक घेऊन विचारलंय का, की आट्यापाट्यांतली हूल आपल्याकडे आणू या? त्यांना गरज नाही. आणि गरीब खेळ घेतो तेव्हा जे शोभेचं असतं तेच आधी घेतो, भोंगा आणि मॅट. टीव्हीवाले काही आले नाहीत. पुढच्या नोंदणीला मुलींची संख्या वाढली नाही, कमीच झाली, आणि आलेल्यांपैकी सुराच्या जागेवर उभं राहायला एकही तयार नव्हती. सगळ्यांनी त्या जागेवरचं हसणं ऐकलं होतं.

मग यंदा पुन्हा त्याच वर्गात बैठक झाली. दिराने स्वतःच ठराव मांडला की मॅट आणि तीस सेकंद मागे घ्यावेत. कारण सांगितलं, की यंदा मॅट मिळत नाहीये.

मी म्हटलं, "भाऊजी, कारण खरं सांगा."

तो माझ्याकडे न पाहता म्हणाला, "वहिनी, तुम्ही जिंकल्या. झालं समाधान?"

"मी जिंकले कशी? सूर कुठे आहे?"

कुणीच हसलं नाही, भाकरीवालेसुद्धा. ठरावाच्या बाजूने सगळे हात वर झाले. माझाही झाला, पण मला त्याचा आनंद झाला नाही. शिक्षकांनी विचारलं की पाट्या कोण काढणार, पोरी नवीन आहेत, कुणाला येत नाही. मी म्हटलं, सचिव काढतील. मी दोरी धरते.

रविवारी सकाळी मैदानाला पाणी मारून झालं होतं. मॅट अंथरली होती तिथली माती वर्षभर कुणी खरवडली नव्हती, ती दगडासारखी झाली होती. मी दोरीचं एक टोक खुंटीला बांधलं, दुसरं ताणून धरलं, आणि दीर उकिडवा बसून खुरप्याने उभी पाटी खरवडायला लागला. त्याला सवय नाही. दर चार हातांवर तो थांबायचा. मी मागून जाऊन मोजपट्टी उभी करून खोली पाहायचे. कमी भरली की सांगायचे, परत. तो परत मागे यायचा. त्याच्या हाताला फोड आला तो मी पाहिला आणि न पाहिल्यासारखं केलं.

पाचव्या पाटीपर्यंत आलो तेव्हा मुलगी सायकलवरून आली. कबड्डीच्या सरावाला चालली होती, पायात मॅटवरचे बूट, पाठीवर बॅग. सायकल कुंपणाला टेकवून ती आत आली, काकाला वळसा घातला आणि तयार झालेल्या पाटीत उतरली. पहिल्या पाटीपासून पाचवीपर्यंत एकदा चालत आली. मान वर होती. मी दोरी तशीच धरून उभी होते.

"कड लागते का?" मी विचारलं.

ती थांबली. पाय किंचित डावीकडे सरकवून तिने पाहिला, मग उजवीकडे.

"बुटातून नाही लागत," ती म्हणाली.

बूट काढ, असं माझ्या ओठांवर आलं होतं. तिने घड्याळाकडे पाहिलं, उशीर होऊन राहिला म्हणाली, आणि सायकल घेऊन निघून गेली. दीर खुरपं हातात धरून तिच्याकडे पाहत होता. त्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मी पट्टी पाटीत उभी केली.

"इथे कमी आहे," मी म्हटलं. "परत."